कृपया बटण बंद करू नये

तयार मिळत होता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर बाबा सांगतील, आणि ते सांगायला लागले की तारीखवार सांगतात.

तर कंपायलर तयार मिळत होता. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, चार मिनिटांत काम झालं असतं. (कंपायलर म्हणजे काय हे माहीत नसेल तर लाजू नका. आम्हाला तो विषय शिकवणाऱ्या सरांनाही माहीत नव्हतं.) आपण प्रोग्रॅम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला ती कळत नाही. मधे बसून जो तिचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करून देतो, तो कंपायलर. तोही शेवटी कुणीतरी लिहिलेला एक प्रोग्रॅमच असतो. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, सगळ्यांना खुला असतो. ज्याला तयार माल नको असतो तो हा सोर्स उतरवून घेतो आणि आपल्या घरी, आपल्या मशीनवर, स्वतःचा कंपायलर स्वतः बांधतो. त्यात सबंध दिवस जातो. मिळतं तेच, जे चार मिनिटांत मिळालं असतं.

असा माणूस मी.

आता का, ते सांगतो. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. कंपायलर हा विषय आम्हाला दोन सत्रं होता, आणि त्या दोन सत्रांत वर्गात एकदाही कंप्यूटर चालू झाला नाही. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. वहीत ज्या मशीनचं वर्णन होतं ते भंगारात गेलं होतं, ते बनवणारी कंपनी बुडाली होती, वही मात्र ठणठणीत होती. एकदा मी विचारलं, "सर, एखादा कंपायलर प्रत्यक्ष बांधून बघूया का?" सर म्हणाले, "परीक्षेला येत नाही." परीक्षेला कंपायलरची आकृती यायची. ती मी पेनने काढली म्हणून शून्य मिळालं. आकृती पेन्सिलने काढायची असते. मी पेन खिशाला लावलं आणि बाहेर पडलो.

घरी त्यावर काय झालं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की काकांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट करून आणला आणि म्हणाले, "आता हाच तुझा शेवटचा कागद. जपून ठेव."

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. चौकात त्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. कुठलीही गोष्ट प्लॅस्टिकमध्ये घातली की ती वाचते, असं त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्या घरी दुधाच्या हिशेबापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत सगळं लॅमिनेट केलेलं आहे. औषध बदललं तरी चिठ्ठी तीच राहते, कारण ती फाडता येत नाही. तर दीड वर्ष घरी बसून झाल्यावर मोठ्या माणसांची बैठक झाली (मला बोलावलं नव्हतं, मी बाथरूममधून ऐकली) आणि ठरलं, की येत्या सोमवारपासून मी काकांच्या काउंटरवर बसायचं. त्याआधी नोकरी मिळाली तर प्रश्नच नाही. हे "तर" बाबा ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला बाथरूमच्या दारातूनसुद्धा नीट ऐकू आला.

आणि त्याच आठवड्यात एका वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. त्यांनी पदवी विचारली नव्हती. प्रोग्रॅम मागितला होता: प्रत्येक काट्याची एक फाइल असेल, सगळ्या फाइली वाचायच्या, त्यातली चुकलेली वजनं वेगळी काढायची, बाकीची लावून दाखवायची. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत. खाली एक चौकट होती: "कोणता कंपायलर वापरला?"

त्या चौकटीने घात केला. बाकीचे सगळे पदवीवाले असणार. माझ्याकडे कागद नाही, तर निदान या चौकटीत मला लिहायचं होतं: "स्वतः बांधला, सोर्सपासून." वाचणारा क्षणभर थांबला पाहिजे. सोमवार टळण्यासारखा थांबला पाहिजे.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी कंप्यूटरसमोर बसलो.

कंप्यूटर आमच्या हॉलमध्ये आहे, कारण मुलगा हॉलमध्ये बसला म्हणजे त्याच्यावर लक्ष राहतं असं बाबांना मी सातवीत असताना वाटलं होतं आणि तो निर्णय अजून मागे घेतलेला नाही. बाबा नुकतेच रिटायर झालेत. एकोणतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक विभागात होते. म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. मधे कागदाचं काय झालं हे त्यांना कधी कळलं नाही आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. मी एकदा त्यांना तसं तोंडावर म्हणालो. ते म्हणाले, "माझ्या टेबलावरून एकही कागद हरवला नाही." मी म्हणालो, "पुढच्या टेबलावर हरवत होते ना?" त्या दिवशी आम्ही जेवताना बोललो नाही.

त्यांची दुसरी कामगिरी म्हणजे बटणं. बाबा कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना दाराशेजारच्या बोर्डावरून हात फिरवतात आणि सगळी बटणं बंद करतात. खोलीत कोण आहे, कुणाचं काय चाललंय, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. आई इस्त्री करत असताना त्यांनी इस्त्री बंद केली आहे. मी आंघोळ करताना दिवा बंद केला आहे. सलूनमधून दाढी करून निघताना त्यांनी पंखा बंद केला, तेव्हा तिथे तीन गिऱ्हाइकं खुर्च्यांवर होती. "शेवटी वीज ती वीज," म्हणाले. मला लहानपणापासून या सवयीची इतकी चीड आहे, की मी मुद्दाम दिवे चालू ठेवून बाहेर पडायचो. निदान तसं मला वाटायचं.

आणि कंपायलर बांधायला लागतात सहा-सात तास, सलग.

सुरुवात साधी असते. सोर्स उतरवून घेतला की आधी तपासणी चालते. यंत्र स्वतःलाच प्रश्न विचारत जातं: हे आहे का? आहे. ते आहे का? आहे. अमुक चालतं का? चालतं. अशा पाचशे प्रश्नांनंतर ते म्हणालं: अमुक लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारा एक तयार तुकडा, नाही. आणि थांबलं. मी ती आणली. पुन्हा पहिल्यापासून पाचशे प्रश्न. मग म्हणालं: तमुक लायब्ररी नाही.

बाबा मागे उभे होते. मला कळलं नव्हतं.

"पुन्हा पहिल्यापासून विचारतंय?" ते म्हणाले.

"हो."

"जोडपत्रं अपुरी असणार."

"तसंच काहीतरी."

"मग बरोबर आहे. अपुरा अर्ज आम्हीही पहिल्यापासूनच घ्यायचो." ते खुर्ची ओढून बसले. बाबांना माझ्या कामात काही कळण्याची ही पहिलीच वेळ. मला ते अजिबात आवडलं नाही. तिसऱ्यांदा ते थांबलं तेव्हा बाबा स्क्रीनकडे बघून जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "कडक आहे."

मग त्यांनी विचारलं, "तयार मिळत नाही का हा?"

"मिळतो."

"मग?"

"तुम्हाला नाही कळणार."

"बरं," बाबा म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजून बावन्न मिनिटं. त्यांनी वेळ लक्षात ठेवली, हे मला नंतर कळलं.

साडेदहाला बांधकाम सुरू झालं. इथे माझी एक हुशारी सांगायला हवी. आमची डिस्क जुनी आणि संथ. पण मेमरी मी स्वतः वाढवलेली. म्हणून मी सगळं काम डिस्कवर न ठेवता मेमरीत ठेवलं. मेमरी कित्येक पटींनी वेगवान. एकच गोष्ट, वीज गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं. डिस्कवर असतं तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता आलं असतं. पण वीज कशाला जाईल? (वीज गेलीच तर तग धरणारी बॅटरी टेबलाखाली होती. ती दोन वर्षांपूर्वी मेली. तेव्हापासून मी तिच्यावर पाय ठेवतो.) कंपायलर बांधला जाईपर्यंत मी प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि तोही मेमरीतच ठेवला. सव्वातीनशे ओळींच्या प्रोग्रॅमला कसला वेग लागतो, हे कृपया विचारू नका. बाबांनी विचारून झालंय.

अकरा वाजता मी घरात जाहीर केलं: संध्याकाळपर्यंत मिक्सर, इस्त्री आणि आईचं शिलाई मशीन बंद. तिन्ही एकाच लाइनवर आहेत, फ्यूज उडाला तर सगळं मातीत.

"मिक्सर बंद म्हणजे वाटण कशात वाटू?" आई म्हणाली.

"हाताने वाट. आधी वाटायच्याच की बायका."

आईने हातातलं शिवण खाली ठेवलं. (ती शाळेचे गणवेश लहानमोठे करून देते. शाळा सोमवारी उघडणार होती, ढीग छताला लागला होता.) "आधी बायका मुलांना धपाटेही वाटायच्या," ती म्हणाली. "तेही सुरू करू का?"

शेवटी तह झाला. मिक्सर बंद, इस्त्री बंद, शिलाई मशीन पायाने. त्याबदल्यात संध्याकाळी सगळ्या गणवेशांची बटणं मी लावायची.

बारा वाजेपर्यंत कंप्यूटर तापला. तो सुताराने केलेल्या कपाटात बसवलेला आहे, हवा जायला जागा नाही, कारण सुताराला बाबांनी सांगितलं होतं की धूळ जाता कामा नये. मी कपाटाचं दार उचकटलं आणि आईचा टेबलफॅन त्याच्यासमोर लावला. आई घाम पुसत पायाने मशीन मारत होती आणि एक लोखंडी डबा वारा खात होता. ती काही बोलली नाही. आमच्या घरात ती न बोलणं फार स्पष्टपणे करते.

जेवायच्या वेळी काका आले. ते दुपारचं दुकान बंद करून आमच्याकडे जेवतात.

"काय बांधतोय हा, दादा?" त्यांनी बाबांना विचारलं.

"कंपायलर. भाषांतर करणारं यंत्र असतं एक आतमध्ये."

"किती वेळ?"

"तीनदा बांधतो म्हणे."

"पहिल्यांदा चुकतं का?"

"नाही चुकत, काका," मी म्हणालो.

"दुसऱ्यांदा?"

"तेव्हाही नाही."

"मग तिसऱ्यांदा कशाला? हौस?"

मी हातातला घास ठेवला. दीड वर्ष तुंबलेलं होतं. म्हणालो, "ऐका. नवा कंपायलर बांधायला आधी जुनाच कंपायलर वापरावा लागतो. दुसरा इलाज नसतो. पण जुन्याच्या हातून झालेल्या कामावर भरवसा ठेवायचा नसतो. म्हणून त्या नव्याने स्वतःला पुन्हा बांधायचं. तो दुसरा. मग दुसऱ्याने पुन्हा बांधायचं. तो तिसरा. आणि शेवटी दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघायचं. तंतोतंत जुळले, की सिद्ध झालं. जुन्याची एकही खोड नव्यात उतरलेली नाही."

काका चावायचे थांबले. आईने बाबांकडे बघितलं. बाबा ताटाकडे बघत होते.

"आणि जुना?" बाबांनी विचारलं.

"पुसून टाकायचा."

"भात वाढू का," आई म्हणाली, "का तोही पुसायचाय?"

जेवण झाल्यावर बाबा उठले, हात धुतले, हॉलमधून गॅलरीकडे निघाले, आणि दाराशी पोचताच त्यांचा उजवा हात बोर्डाकडे गेला. मी ओरडलो. कसा ओरडलो ते सांगत नाही, समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. बाबांचा हात बटणापासून बोटभर अंतरावर थांबला. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

"मी मुद्दाम नाही करत," ते म्हणाले.

"तुम्ही आयुष्यभर एवढंच केलंत!" मी म्हणालो. "जे चालू असेल ते बंद!"

मग काका चप्पल घालून गेले आणि वीस मिनिटांनी पाटी घेऊन परत आले. लाल अक्षरं, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक: "कृपया बटण बंद करू नये". मजकूर मीच सांगितला होता. काकांना "सूचना" असं वर मोठं हवं होतं, ते मी काढायला लावलं. पाटी बोर्डाच्या बरोबर वर चिकटवली. आणि बाबांनी आपण होऊन खुर्ची उचलून दाराशी आणली, बोर्डाकडे पाठ करून बसले, दोन्ही हात मांडीवर.

"काय करताय?" मी विचारलं.

"पहारा," ते म्हणाले. "माझ्यावर. इथून उठलोच नाही तर बाहेर कसा पडेन?"

मी प्रोग्रॅम पुढे लिहिला.

तीनला प्रोग्रॅम लिहून झाला. बाबा खुर्चीवरूनच म्हणाले, "प्रत काढ. स्थळप्रत हवी."

"ती काय असते?"

"कागद बाहेर जाण्याआधी त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवायची असते."

"बाबा, हा प्रोग्रॅम आहे, आवक-जावक नाही."

"जातोय ना बाहेर? मग जावक आहे."

भांडायला वेळ नव्हता. काकांच्या दुकानातून बाद झालेला प्रिंटर आमच्याकडे आश्रयाला आहे, त्यावर आठ पानं काढली. प्रत्येक ओळीवरून एक करडी रेघ जाते, पण वाचता येतं. ती काकांच्या हातात दिली आणि विसरलो. काका ती घेऊन दुकान उघडायला गेले. चारला चहाला आले तेव्हा आठही पानं लॅमिनेट केलेली होती.

"आता पाण्यात पडली तरी चालतील," ते म्हणाले.

मी इतका हसलो की मला ठसका लागला. तिसरा कंपायलर बांधून होत आला होता. मी खुशीत होतो.

चार पस्तीसला तिसरा पूर्ण झाला. स्क्रीनवर ओळ आली: दुसरा आणि तिसरा यांची तुलना सुरू आहे. सगळे गोळा झाले. आईसुद्धा सुई तोंडात धरून आली. काकांनी विचारलं, "जुळले का?" मी म्हणालो, "थांबा." आणि फोन वाजला. कंपनीचा नंबर.

आमच्या हॉलमध्ये फोन वाजतो, पण आवाज तुटतो, बोलायला गॅलरीत जावं लागतं. मी उठलो, फोन कानाला लावला आणि गॅलरीत गेलो. पलीकडे एक बाई होत्या.

"तुमचा प्रोग्रॅम यायचाय अजून," त्या म्हणाल्या. "पाठवताय ना?"

"सहाच्या आत पाठवतो, मॅडम. कंपायलर बांधतोय. स्वतः. सोर्सपासून."

"हो का?" क्षणभर त्या थांबल्या. (बघा, मला हवं होतं तेवढंच थांबल्या.) मग म्हणाल्या, "का?"

"म्हणजे... तीन फेऱ्यांत बांधायचा असतो. आत्ता शेवटची तुलना चालू आहे. ऐकू येत असेल तुम्हाला, मशीनचा पंखा केवढा..."

मी बोलायचा थांबलो. कारण पंखा ऐकू येत नव्हता. सकाळपासून घरात विमान उतरत असल्यासारखा जो आवाज होता तो नव्हता. टेबलफॅनचाही नव्हता. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी करकरतेय, ती मला तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येत होती.

मी आत धावलो. स्क्रीन काळी. फॅन थांबलेला. आणि बोर्डाशी बाबा.

"केलंत ना!" मी ओरडलो. "केलंत शेवटी! एक दिवस! एक दिवस तुम्हाला हात आवरता आला नाही! माझं काही चालू दिसलं की तुमच्या पोटात दुखतं! कॉलेजच्या त्या सरांत आणि तुमच्यात काडीचा फरक नाही, त्यांनी चालूच केलं नाही आणि तुम्ही चालू असलेलं..."

बाबा खुर्चीवरच होते. हात मांडीवर.

"ओरडून झालं?" आईने तोंडातली सुई काढून विचारलं.

"नाही झालं!"

"मग नंतर ओरड. तू केलंस."

"मी?"

"तू उठलास. फोन कानाला लावलास. गॅलरीच्या दाराकडे गेलास. आणि जाता जाता ह्यांच्या खांद्यावरून हात घालून टक, टक, टक. दिवा, फॅन, कंप्यूटर. पाटीकडे बघितलंसुद्धा नाहीस."

मी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. "एकदम सफाईने," ते म्हणाले.

"मी 'अरे' म्हणालो," बाबा हळूच म्हणाले. "पण तोवर तिसरं झालं होतं."

मी माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"ते राहू दे," काका म्हणाले. "दुसरा आणि तिसरा जुळला का, ते नाही कळलं."

आईने बाबांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"जुळला," ती म्हणाली आणि शिवणाकडे गेली.

चार पंचेचाळीस. कंपायलर गेला. प्रोग्रॅमही गेला. मी जमिनीवर बसलो. मला समोर काकांचं काउंटर दिसत होतं, झेरॉक्सच्या झाकणाखालून जाणारा हिरवा उजेड दिसत होता, जाणारा, येणारा, जाणारा. बाबांनी उठून बटण चालू केलं. कंप्यूटरचं बटण बाबांनी चालू केल्याचं मी जन्मात प्रथम पाहिलं.

"तयार मिळतो म्हणाला होतास," ते म्हणाले. "सकाळी नऊ बावन्नला."

तयार कंपायलर बसायला तीन मिनिटं चाळीस सेकंद लागली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मग बाबांनी चष्मा लावला, लॅमिनेट केलेली स्थळप्रत हातात घेतली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली (प्लॅस्टिकवर चकाकी येत होती) आणि मला सांगायला सुरुवात केली. एकोणतीस वर्षांच्या सरकारी आवाजात. "कंस उघडा. पुढे... हे काय आहे? बरोबरचं चिन्ह, दोनदा. दोनदाच ना? कंस पूर्ण. अर्धविराम." मी टाइप करत होतो. आई पायाने मशीन मारत होती. काका संपलेलं पान हातातून घेऊन पुढचं देत होते. प्लॅस्टिकची पानं एकमेकांवरून घसरून दोनदा पसरली, पण प्रत्येक पानावर नंबर होते. काका प्लॅस्टिकमध्ये घालायच्या आधी बाबांनी (सवयीने, म्हणे) घालून दिले होते.

पाच पस्तीसला, सहाव्या पानावर, बाबा थांबले.

"पुढे," मी म्हणालो.

"इथे तू फाइल उघडली आहेस. प्रत्येक काट्याची एकेक. बंद कुठे केली आहेस?"

"प्रोग्रॅम संपला की आपोआप बंद होतात, बाबा. पुढे सांगा."

"आपोआप?" बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "आपोआप काही बंद होत नाही. होत असतं तर मी इतकी वर्षं काय करत होतो?"

"बाबा, पंचवीस मिनिटं राहिलीत!"

"वाचून झाली की बंद कर. मग दुसरी उघड. तोवर मी पुढची ओळ सांगणार नाही."

एक ओळ टाइप करणं हे बाबांशी वाद घालण्यापेक्षा स्वस्त होतं. मी फाइल बंद केली. बाबांनी खात्री करून घेतली आणि म्हणाले, "अर्धविराम."

पाच छप्पनला प्रोग्रॅम गेला. "कोणता कंपायलर वापरला?" या चौकटीत मी लिहिलं: "तयार." त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत मी गणवेशांना बटणं लावत होतो. एकूण दोनशे चार.

रविवारी सकाळी फोन आला. त्याच बाई. म्हणाल्या, नऊ जणांचे प्रोग्रॅम आले होते, सगळे पाच फाइलींवर छान चालले. मग त्यांनी प्रत्येकावर पाच हजार फाइली सोडल्या. आठ जणांनी फाइली उघडल्या आणि उघड्याच ठेवत गेले. एका वेळी किती फाइली उघड्या ठेवायच्या याला मर्यादा असते, हजाराच्या आसपास आठही जण कोलमडले. एकच चालला.

"वापर झाला की लगेच बंद करायचं," बाई म्हणाल्या. "ही शिस्त हल्ली दिसत नाही. कुठून शिकलात?"

बाबा समोर पेपर वाचत होते. पान उलटत नव्हते.

"घरचीच आहे," मी म्हणालो.

सोमवारी मी काउंटरऐवजी कंपनीत गेलो. जाताना बाबा दारापर्यंत आले. कंपनी चांगली आहे. मला एक टेबल मिळालं. शेजारच्या खोलीत बारा वजनकाटे एका रांगेत मांडलेले होते, प्रत्येकावर एक यंत्र वजन ठेवत होतं, उचलत होतं, ठेवत होतं, उचलत होतं. गेले एकोणीस दिवस, अहोरात्र, न थांबता. एकविसाव्या दिवशी ती चाचणी पूर्ण होणार होती. मला हे सगळं बाईंनी फार अभिमानाने दाखवलं. मग म्हणाल्या, "चला, चहा घेऊ." त्या पुढे निघाल्या. मी मागून निघालो.

टक, टक, टक, टक.

मला काढलं नाही. फक्त जागा बदलली. आता मी इमारतीतल्या प्रत्येक दारापासून जास्तीत जास्त लांब बसतो. कंपनीने चाळीस पाट्या करून घेतल्या, लाल अक्षरं, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक. काम काकांनाच मिळालं. त्यामुळे ही बातमी घरी माझ्याआधी पोचली.

बाबा दारातच उभे होते.

"एकोणीस दिवसांची चाचणी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बारा काटे?"

"हो."

"आणि दिवा? निघताना दिवा बंद केला होतास ना?"

"केला होता."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि मला आत घेतलं.